गुडघा लावला की चालते: दार लॉक न होणाऱ्या वॉशिंग मशीनचं एक प्रकरण

मावशीचा फोन आला तेव्हा वाक्य एवढंच होतं, "अरे, तो मेकॅनिक म्हणतोय बोर्ड गेलाय, बदलायला सांगू का?" आणि मागून मशीनचं टिंग टिंग टिंग चालू होतं, म्हणजे दाराचा एरर देऊन ती बोंबलत होती. मी म्हटलं थांब गं, रविवारी येतो, तोवर कुणाला बोर्डाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला, हात लावू देऊ नकोस. माझा धंदा वॉशिंग मशीनचा नाही, मी मोटर कंट्रोलची पॅनेलं वायर करतो, पण पॅनेलात काय आणि मशीनमधे काय, इंटरलॉक (एक अट पुरी झाल्याशिवाय पुढचं काम होऊ न देणारी सोय) हा इंटरलॉकच, आणि इंटरलॉक अडला की सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात आधी बदलायची नसते एवढं इतक्या वर्षांत कळलंय.

मशीन फ्रंट लोड, ७ किलोची, सहावं वर्ष चालू. आधीची हकिगत मावशीकडून आणि थोडी तिच्या मुलाकडून गोळा केली ती अशी. साधारण चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा असं झालं की दार लावलं, स्टार्ट दाबलं, दाराच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहिला आणि मग एरर. परत दाबलं की चालायची. मग दोनदा दाबावं लागायला लागलं, मग तीनदा, आणि एक दिवस अजिबातच नाही. पहिल्या मेकॅनिकने डोअर लॉक बदललं, पाच आठवडे मशीन एकदम झकास, सहाव्या आठवड्यात परत पहिले पाढे. मग दुसरा आला, त्याने बघितलं लॉक तर नवं कोरं आहे, म्हणजे लॉक नाही, म्हणजे बोर्ड. हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. खोटं कशाला बोलू, फोनवर ऐकताना मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

रविवारी गेल्यावर मी काहीच उघडलं नाही. मावशीला म्हटलं तू रोजच्यासारखी मशीन लाव, मी नुसता बघतो. तिने कपडे टाकले, दार लावलं, एक हात हँडलखाली घातला, उजवा गुडघा दाराच्या खालच्या कडेला टेकवून जरा वर रेटला, दुसऱ्या हाताने स्टार्ट दाबलं आणि एका पायावर बगळ्यासारखी उभी राहिली. पाचेक सेकंद गेले, आतून "टक" आवाज आला, पाणी भरायला लागलं. मी बघतच राहिलो. "हे काय?" "असा गुडघा लावला की चालते. त्या दोघांनाही सांगितलं मी, ते हसले नुसते."

आता खरं सांगायचं तर निम्मं निदान इथेच झालेलं होतं. बोर्डातला बिघाड गुडघ्याने बरा होत नाही. होतो कधीकधी, सुटलेलं सोल्डर असेल तर ठोसा मारल्यावर जुळतं वगैरे, पण मग मशीनला कुठेही ठोसा मारला तरी कधी ना कधी चालायला हवी, आणि इथे प्रत्येक वेळी तोच गुडघा, तीच जागा, आणि दिशा वरची. वापरणारा माणूस जी विचित्र सवय लावून घेतो ना, ती त्याने न कळत केलेली टेस्ट असते, शंभर वेळा करून बघितलेली. ती हसण्यावारी नेली की मग अंदाजाने पार्ट बदलत बसावं लागतं.

पुढे जाण्याआधी हे लॉक नक्की करतं काय ते सांगतो, कारण "लॉक" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दाराची कडी येते आणि हा प्रकार जरा वेगळा आहे. दाराला एक हूक असतो. दार लावलं की तो समोरच्या पत्र्यातल्या खाचेतून लॉकच्या आत जातो आणि आतली एक सरकपट्टी बाजूला सरकवतो. इथपर्यंत नुसती यांत्रिक गंमत, वीज नाही काही नाही, मशीनची पिन सॉकेटमधून काढून ठेवली तरी हा खटका वाजतो. आता स्टार्ट दाबलं की बोर्ड लॉकमधल्या एका बटणाएवढ्या सिरॅमिक चकतीला २३० व्होल्ट देतो. तिला पीटीसी म्हणतात, बेरियम टायटनेटपासून बनवतात, आणि तिची मजा अशी की थंड असताना ती भरपूर करंट घेते, झटकन तापते, आणि ठराविक तापमानाच्या वर गेली की तिचा रेझिस्टन्स एकदम वाढतो त्यामुळे करंट आपोआप पडतो, म्हणजे तासभर चालू राहिली तरी जळत नाही आणि वेगळा थर्मोस्टॅट लागत नाही. या चकतीला लागून बायमेटलची पट्टी असते, दोन वेगळ्या धातूंचे थर, तापल्यावर एक जास्त पसरतो एक कमी, म्हणून पट्टी वाकते. वाकताना ती एक छोटी पिन ढकलते, पिन सरकपट्टीच्या भोकात जाऊन बसते, आता सरकपट्टी हलू शकत नाही म्हणजे हूक सुटू शकत नाही म्हणजे दार उघडू शकत नाही. आणि त्याच हालचालीत आतला कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारी धातूची टिकली, जुळतो, त्यातून बोर्डाला कळतं की दार लॉक झालं आणि बऱ्याच डिझाईनमधे मोटर, हीटर यांची लाइनही त्या कॉन्टॅक्टमधूनच पुढे जाते.

यातली हुशारी भोकात आहे. दार पूर्ण लागलं नसेल तर सरकपट्टी पूर्ण सरकत नाही, भोक पिनच्या समोर येत नाही, मग चकती कितीही तापू दे, पट्टी कितीही वाकू दे, पिन घुसायला जागाच नाही. थोडा वेळ वाट बघून बोर्ड एरर देतो. म्हणजे "दार लॉक होत नाही" हा एरर बहुतेक वेळा खराबी नसतेच, लॉकने केलेला रास्त नकार असतो. सायकल संपल्यावर दार उघडायला जो मिनिट दोन मिनिटांचा वेळ लागतो तोही याच पट्टीमुळे, ती गार होऊन सरळ व्हावी लागते, आणि तेवढा धीर नसलेली मंडळी हँडल ओढून ओढून तोडतात, तो वेगळा विषय. बऱ्याच नव्या मशीनमधे चकतीऐवजी कॉइलवालं लॉक असतं, त्यात एक झटका दिला की लगेच लॉक, एक झटका की लगेच उघड, थांबायचं काम नाही. मावशीचं मात्र चकतीवालं होतं.

म्हणून मी पहिली टेस्ट कानाने केली. असल्या मशीनमधे तीन आवाज ओळखायचे असतात. दार लावताना हुकाचा खटका, तो एक. स्टार्ट दाबल्यावर वरच्या पॅनेलच्या आतून बारीक टिक, बोर्डावरच्या रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचा, तो दोन (सगळ्या बोर्डांवर हा येत नाही, काहींवर रिलेच्या जागी ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो मुका). आणि त्यानंतर दोन ते पाच सेकंदांनी लॉकमधून येणारा टक, तो तीन. मावशीला म्हटलं आता गुडघ्याशिवाय लाव. पहिला आला, दुसरा आला, तिसरा काही येईना. वीसेक सेकंदांनी मशीन थांबली, तिने परत प्रयत्न केला, असं तीन वेळा करून टिंग टिंग. गंमत म्हणजे पहिला खटका ऐकून दोन्ही मेकॅनिक म्हणाले होते "दार तर लागतंय, क्लिक होतंय की". होतंय, पण तो क्लिक हुकाचा, लॉकचा नव्हे. या दोन आवाजांची गल्लत झाली की पुढचं सगळं निदान घसरतं.

मग जी फुटकळ कारणं असतात ती आधी निकालात काढली, कारण एकदा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की या गोष्टी बघायच्या राहून जातात. चाइल्ड लॉक चालू नव्हतं, आणि तसंही बहुतेक मशीनमधे ते बटणांचं लॉक असतं, दाराच्या लॉकशी त्याचा संबंध नसतो, लोक नावावरून फसतात. दाराच्या रबराच्या घडीत टॉर्च मारून बोट फिरवलं, एक हेअरपिन आणि साबणाचा राखाडी चिखल निघाला, पण अडकलेला मोजा वगैरे काही नाही. हुकाच्या खाचेत साबणाचा थर बसलेला होता तो जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात साफ केला, काही फरक नाही. ड्रम रिकामा करून बघितला, कारण कोंबून भरलेले कपडे दाराला आतून ढकलतात, तरी तेच. पिन काढून दहा मिनिटं ठेवली, तेच. व्होल्टेज बघितलं कारण चकतीचं तापणं व्होल्टेजच्या वर्गावर चालतं, २३० च्या जागी १७० मिळाले तर सुरुवातीची उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते आणि लॉक व्हायला लागणारा वेळ बोर्डाच्या सहनशक्तीपलीकडे जाऊ शकतो, पण सॉकेटला २२६ आले, म्हणजे तोही मुद्दा गेला.

आता मुख्य टेस्ट. पॅनेलच्या कामात आमचं एक साधं गणित असतं, हुकूम सुटला का, सुटला तर पोचला का, आणि पोचला तर अंमल का झाला नाही. बोर्ड, वायर, लॉक आणि दार अशी ही चार जणांची साखळी आहे आणि मला ती मधोमध तोडायची होती. दार सताड उघडं ठेवलं, पाण्याचा नळ बंद केला, आणि हुकाच्या जागी सपाट स्क्रू ड्रायव्हरने खाचेतली सरकपट्टी पूर्ण सरकवून ठेवली, म्हणजे लॉकला वाटावं की दार अगदी नीट लागलंय. मावशीला म्हटलं दाब स्टार्ट. एक, दोन, तीन... टक! आणि पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हची घरघर सुरू झाली. दार उघडं आणि मशीन म्हणतेय लॉक झालं, चला धुऊया. लगेच सॉकेटमधून पिन काढली, दोन मिनिटं थांबलो, सरकपट्टी सुटली. परत केलं, परत टक. पाच वेळा केलं, पाचही वेळा तीन-चार सेकंदांत लॉक.

ही टेस्ट करताना एक लक्षात ठेवा, तो इंटरलॉक फसवण्याचा प्रकार आहे, ड्रम फिरायला लागू शकतो, हात आत नको, बाजूला लहान मूल नको, आणि टक ऐकू आला की क्षणात पिन बाहेर. काही जण हेच कायमचं करतात, लॉकच्या वायरी एकमेकांना जोडून टाकतात आणि "झालं काम" म्हणून निघून जातात. त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून बरं काही निघणार नाही. १२०० आरपीएमला ४८ सेंटिमीटरच्या ड्रमच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ३८० पट जोर असतो, एक ओला टॉवेल तिथे माणसाच्या हाताचं काय करेल याचा विचार करा आणि मग वायरी जोडा.

तर या एका टेस्टने बोर्ड सुटला, वायरिंग सुटलं, लॉकही सुटलं. तिघांनीही आपापलं काम केलं होतं, मग चौथा कोण, तर दार. पण मावशीच्या मुलाच्या डोक्यात बोर्ड इतका पक्का बसलेला होता की म्हटलं याला आकडे दाखवूनच पटवू. पिन काढली, पाच मिनिटं जाऊ दिली कारण इन्व्हर्टर मोटरच्या बोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत, मग रबराच्या भोवतीची तारेची रिंग सपाट स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढली, उजव्या बाजूचं रबर सोडवलं, लॉकचे दोन स्क्रू काढले आणि लॉक मागून बाहेर ओढलं. कनेक्टर कोरडा, पिना चकचकीत, काळं हिरवं काही नाही. चकतीचा रेझिस्टन्स १.१ किलोओहम, या जातीच्या लॉकला शोभेल असाच. परत जोडून, मीटरच्या क्लिपा आधी लावून, मग पिन घालून, दार लावून स्टार्ट दिलं, चालू लाइनवर हात लावायचा नाही हे सांगायला नकोच. चकतीवर २२६ व्होल्ट आले आणि वीस सेकंद राहिले, म्हणजे बोर्डाचा हुकूम सुटलाही आणि पोचलाही. कॉन्टॅक्टच्या पुढे शून्य. मावशीला म्हटलं आता गुडघा. तिने गुडघा लावला, टक, आणि कॉन्टॅक्टच्या पुढे २२६. मुलगा मीटरकडे बघून म्हणाला, "च्यायला, आईचा गुडघा!" यापुढे बोर्डाचं नाव निघालं नाही.

दारात नक्की काय, हे शोधायला टूथपेस्ट वापरली. हुकाच्या टोकाला आणि खालच्या कडेला मटाराएवढी लावली, दार एकदा हळूच लावलं आणि उघडलं. पेस्ट खाचेच्या मधोमध लागायला हवी, लागली होती खालच्या ओठावर, चांगली फासली गेलेली. नीट बघितलं तर खाचेच्या प्लॅस्टिकच्या खालच्या कडेला हुकाने चर पाडलेला होता, पाच-सहा आठवड्यांच्या लॉकला, आणि हुकाच्या पोटाशी धातू घासून चकाकत होता. म्हणजे दार खाली आलेलं होतं आणि हूक खाचेत सरळ न शिरता खालच्या कडेवरून फरफटत जात होता, त्या फरफटीत त्याची शेवटची मिलिमीटर-दोन मिलिमीटरची धाव कमी पडत होती, सरकपट्टी जवळजवळ पूर्ण सरकत होती पण पूर्ण नाही. हूक स्वतः ठीक होता, त्याची पिन शाबूत, स्प्रिंग शाबूत, बोटाने दाबला की टुणकन परत यायचा. ही पिन तुटून हूक लोंबकळणं हेही या तक्रारीचं नेहमीचं कारण आहे म्हणून मुद्दाम बघितलं.

मग दार उघडून मोकळ्या टोकाला धरून वर-खाली हलवलं. सहा मिलिमीटर खेळत होतं! चांगल्या दारात हे एक मिलिमीटरच्या आसपास असतं, हाताला जाणवतही नाही. बिजागरीकडे बघितलं तर खालचा स्क्रू पाऊण फेरा फिरला इतका सैल, आणि वरच्या पिनचं प्लॅस्टिकचं बूश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती बारीक नळी, गोलाचं लंबगोल झालेलं. यात आकडे फसवे असतात बरं का. बूश किती झिजलं असेल, तर अर्धा-पाऊण मिलिमीटर, डोळ्यांनी बघून कोणी म्हणेल एवढ्याने काय होतंय. पण बिजागरीच्या दोन पिनांमधलं अंतर ८ सेंटिमीटर आणि बिजागरीपासून हुकापर्यंतचं अंतर ३६, म्हणजे बिजागरीतली ढिलाई हुकाशी साडेचारपट होऊन पोचते. ०.७ मिलिमीटरचे ३ मिलिमीटर होतात. आणि लॉकच्या खाचेत ३ मिलिमीटर म्हणजे फार झाले.

दार खाली का आलं, हा प्रश्न उरलाच होता, कारण सहा वर्षांत बिजागरी एवढी झिजत नाही नुसत्या उघडझापीने. मी विचारलं कपडे काढताना काय करतेस. "काय करणार, टब ठेवते आणि काढते." कुठे ठेवतेस? तिने दाराकडे बोट दाखवलं. उघडं दार तिला आयतं शेल्फ वाटत होतं, सहा वर्षं, रोज. ७ किलो सुती कपडे स्पिन झाल्यावरही वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी धरून असतात, म्हणजे टब भरला की ११ किलो. तो दारावर, बिजागरीपासून २५ सेंटिमीटरवर ठेवला की वरची पिन साधारण ३५ किलोच्या ओढीने बाहेर खेचली जाते. जस्ताच्या ओतीव बिजागरीला आणि नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या बूशला रोज ही शिक्षा.

इथे एक गोष्ट मला छळत होती, ती अशी की पहिलं लॉक मग बदललं ते उगाचच का? कारण नवं लॉक घातल्यावर पाच आठवडे मशीन चालली होती, हे नाकारता येत नाही. नशीब असं की मावशी कुठलाही पार्ट बदलला की जुना मागून घेते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमधे ठेवते, घरातले सगळे यावरून तिची चेष्टा करतात. ते जुनं लॉक मी घरी आणून उघडलं. आत कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर, त्यावर खड्डा, आजूबाजूचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. पिनची एक बाजू तिरकी घासलेली. खाचेचा खालचा ओठ चिरलेला, नव्या लॉकच्या चरापेक्षा कितीतरी खोल.

मग चित्र जुळलं. दार आधीपासूनच खाली येत होतं. भोक पिनच्या अर्धवट समोर यायचं, पिन घासत घासत कशीबशी शिरायची पण पूर्ण वर नाही, त्यामुळे कॉन्टॅक्ट टेकायचा पण दाबून बसायचा नाही. अशा लुळ्या कॉन्टॅक्टमधून २००० वॉटच्या हीटरचा ८.७ अँपियर करंट गेला की काय होतं हे पॅनेलवाल्याला वेगळं सांगायला नको, नुसता अर्धा ओहम रेझिस्टन्स धरला तरी त्या टिकलीएवढ्या जागेत ३८ वॉट उष्णता, म्हणजे बारीक सोल्डरिंग आयर्नच. तर जुनं लॉक खरंच गेलेलं होतं, पहिल्या मेकॅनिकने बदललं ते चूक नव्हतं. चूक इतकीच की ते कशाने गेलं हे त्याने विचारलं नाही. नव्या लॉकची सरकपट्टी गुळगुळीत, खाचेची कड कोरी, त्यामुळे हुकाची थोडी कमी धाव त्याने चालवून घेतली, पाच आठवडे बिजागरीचं पाप झाकलं, मग हुकाने त्यातही चर पाडला आणि परत पहिल्या जागी. दुसऱ्या मेकॅनिकला फक्त एवढंच दिसलं की लॉक नवं आहे. नवं लॉक चांगलं असूनही काम करत नाही, आणि बोर्डही चांगला आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हा कप्पा त्याच्या डोक्यात नव्हता.

दुरुस्ती सांगण्यासारखी फार नाही. त्या रविवारी फक्त बिजागरीचे स्क्रू आवळले, त्यानेच खेळ सहावरून तीन मिलिमीटरवर आला आणि मशीन गुडघ्याशिवाय दहापैकी आठ वेळा लॉक व्हायला लागली. तिथेच थांबून "झालं" म्हणायचा मोह होतो, पण दहापैकी आठ म्हणजे कॉन्टॅक्ट परत जाळायची तयारी. मशीनच्या मॉडेल नंबरावरून नवीन बिजागरी मागवली, बूशसकट अख्खी येते. ती येईपर्यंत मावशीला सांगितलं की गुडघा लावायचा असेल तर लाव पण गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावू नकोस, म्हणजे हीटरचा करंट नको. आठवड्याने बिजागरी बसवली. हे दोघांचं काम आहे, एकाने दार पेलून धरायचं, काचेमुळे ते दिसतं त्यापेक्षा जड असतं, आणि एकट्याने केलं की शेवटचा स्क्रू निघताना ते पायावर येतं. पत्र्याच्या मागे स्क्रूंसाठी एक मजबुतीची पट्टी असते, ती आत पडू देऊ नका, पडली तर वरचं झाकण उघडून मासेमारी करत बसावं लागतं. मी केली आहे.

बिजागरी वाकवून दार वर आणायची एक पद्धत काही जण सुचवतात, दार उघडून खालून फळी लावून वर दणका द्यायचा. करू नका. पत्र्याची बिजागरी असेल तर एखाद वेळी जमेल, ओतीव जस्ताची असेल तर ती वाकत नाही, तुटते. आणि लंबगोल झालेलं बूश वाकवल्याने गोल होत नाही. लॉक स्क्रूच्या भोकात जेवढं खाली सरकेल तेवढं सरकवणं हीदेखील अशीच पळवाट, दार आणखी खाली आलं की परत तेच.

नवी बिजागरी बसल्यावर खेळ एक मिलिमीटरच्या आत. टूथपेस्ट परत लावली, ठिपका खाचेच्या मधोमध. लॉक तेच ठेवलं, त्याचा चर फार खोल नव्हता, पण कॉन्टॅक्टबद्दल शंका होती म्हणून ६० डिग्रीचा प्रोग्रॅम लावून हीटर चालू असताना कॉन्टॅक्टच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात ते मोजलं, ०.१ च्या आत. म्हणजे जळायला सुरुवात व्हायच्या आत सापडलं. स्टार्टपासून टकपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजला, वीस वेळा, सगळे तीन ते चार सेकंदांच्या मधे. वर लिहिलेलं सगळं टॉप लोडला लागू होत नाही हेही सांगून टाकतो, तिथे झाकणाचा स्विच किंवा मॅग्नेट असतो, वजन बिजागरीवर असं लटकत नाही, तिथला शोध वेगळा.

दोन महिने झाले, एकदाही एरर नाही. टबासाठी एक लाकडी स्टूल आणून दाराच्या बाजूला ठेवलंय. पहिले दोन आठवडे मावशी सवयीने गुडघा पुढे न्यायची आणि तो स्टुलाच्या कडेवर आपटायचा. गेल्या वेळी फोनवर सांगत होती, मशीन बरी आहे रे, गुडघ्याचं मात्र बघायला हवं.